समासातली लाल अक्षरं

फोन वाजला तेव्हा मी खुशीत होतो. नोंदी ठेवायचा आमचा प्रोग्रॅम इतकी वर्षं फक्त कॉम्प्युटरवर चालायचा. त्या दिवशी सकाळी तो पहिल्यांदा मोबाइलवर आला होता, आणि पहिला फोन नर्सबाईंचा होता. घरोघरी जाऊन मलमपट्टी करायची, इंजेक्शनं द्यायची हे त्यांचं काम. आमच्या सगळ्यांत जुन्या ग्राहक. मोबाइलवर कधी आणताय, असं विचारून त्यांनी माझं डोकं खाल्लं होतं.

"जिंकलंत साहेब! पेशंटच्या घरात उभी आहे आणि सगळी नोंद हातात."

"अक्षरं नीट दिसतायत ना?"

"मोत्यासारखी. या आजोबांच्या पायाची जखम चिघळलीय. नेहमीचे डॉक्टर रजेवर, बदलीच्या डॉक्टरांनी नवं इंजेक्शन लिहून दिलंय. आत्ताच नोंद चाळली. धोक्याचं काही नाही. चला, हात धुते."

त्यांनी फोन ठेवला. मी हसतच लेकीला सांगायला वळलो आणि माझं तोंड उघडंच राहिलं.

धोक्याचं काही असलं तर नर्सबाई ते नोंदीत लिहीतच नसत. त्या ते समासात लिहीत.

हा प्रोग्रॅम हिनं लिहिला. माझ्या बायकोनं. माझं विजेच्या वस्तू दुरुस्त करायचं दुकान होतं, ते बंद झाल्यावर मी ग्राहकांचे फोन घेऊ लागलो. हिनं नोंदीच्या उजव्या बाजूला एक उभी रेघ ठेवली होती आणि रेघेपलीकडे समास. समासातली अक्षरं लाल. प्रत्येक नव्या ग्राहकाला ती सांगायची, "रोजचं रेघेच्या अलीकडे लिहा, विसरून चालणार नाही ते पलीकडे." लोकांना ती सवयच लागली. ही गेली आणि लेक तिच्या खुर्चीवर बसली. मोबाइलचं काम तिचंच. मध्येच एकदा ती म्हणाली होती, "बाबा, एवढ्याशा पडद्यावर दोन रकाने मावत नाहीत. आधी मुख्य मजकूर नेऊया, समास पुढच्या खेपेला." हिला विचारता आलं असतं तर विचारलं असतं. मी म्हटलं, बरं.

"समास मोबाइलवर गेलाच नाही?" मी लेकीला विचारलं.

"गेलाय, पण दिसत नाही. लपवलाय. का?"

मी सांगितलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

नर्सबाईंना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. हातमोजे चढवले की त्या फोनला हात लावत नाहीत, हे मला माहीत होतं.

"तू इथून त्यांची नोंद उघड."

"नाही उघडता येत. ग्राहकाच्या नोंदीला त्याचंच कुलूप असतं. आईनंच तसं केलंय."

मग राहिला त्यांच्या घरचा कॉम्प्युटर. घरचा नंबर आमच्याकडे होता. त्यांच्या सासूबाईंनी उचलला.

"ती घरात नाही. संध्याकाळी करा."

"तुमच्याशीच काम आहे. कॉम्प्युटर चालू करा, लवकर."

"तुम्ही कोण मला लवकर म्हणणारे? हल्ली असेच फोन येतात आणि माणसं लुबाडतात."

"मी नोंदींच्या प्रोग्रॅमवाला. तुमच्या सूनबाई एका आजोबांना इंजेक्शन देतायत. ते त्यांना चालतं की नाही, हे त्या कॉम्प्युटरमध्ये लिहिलंय."

पलीकडे खुर्ची सरकली. "गिरणीवाले आजोबा. सकाळी तिथंच जाते म्हणाली. पण त्या यंत्राला हात लावायचा नाही, असा हुकूम आहे मला."

"आज लावा. चिडल्या तर माझं नाव सांगा. पासवर्ड माहीत आहे?"

"तिला वाटतं मला माहीत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे माहीत आहे. तुम्ही तिला सांगायचं नाही."

लेक माझ्याकडे वाकून कान देऊन ऐकत होती. सासूबाई एकेक कळ दाबत होत्या आणि दाबताना अक्षर मोठ्यानं म्हणत होत्या. त्यांचा पासवर्ड आम्हा दोघांनाही पाठ झाला असता. मध्येच त्या थांबल्या. "चष्मा बदलते." मी टेबलाची कड धरून उभा होतो. एवढ्या वेळात सुई भरूनही होते, टोचूनही होते.

"उघडलं. गिरणीवाले सापडले. जखम, पट्टी, पट्टी, पुन्हा पट्टी..."

"ते राहू द्या. उजवीकडे उभी रेघ आहे बघा. तिच्या पलीकडे काय आहे?"

"लाल आहे."

"वाचा."

"पेनिसिलिन देऊ नये. मागे दिलं तेव्हा घसा सुजला, श्वास अडकला, दवाखान्यात न्यावं लागलं." सासूबाईंचा आवाज बारीक झाला. "अगं बाई. हेच देतेय का ती?"

ते मला माहीत नव्हतं. नर्सबाईंनी इंजेक्शनचं नाव सांगितलंच नव्हतं. "आजोबांच्या घरचा नंबर आहे का तिथं?"

त्या आकडे वाचत होत्या आणि लेक ते थेट आपल्या फोनवर दाबत होती. एक आकडा चुकला, कुठल्यातरी बाईनं "राँग नंबर" म्हणून झिडकारलं. पुन्हा लावला. तरुण पुरुषाचा आवाज आला, आजोबांचा मुलगा असावा.

"नर्सबाईंना थांबवा!" लेक ओरडलीच. "इंजेक्शन देऊ नका म्हणावं!"

"कोण बोलतंय?"

मी फोन ओढून घेतला. "तुमच्या वडिलांना ते औषध बाधतं. आधी आत जा, मग मला शिव्या द्या!"

पावलं ऐकू आली. आत काहीतरी बोलणं झालं, भांड्यासारखं काहीतरी खणकन वाजलं. लेकीनं माझा दंड धरला होता, तो दुखत होता.

"साहेब." नर्सबाई होत्या. "काय झालंय?"

"कुठलं इंजेक्शन आहे?"

त्यांनी नाव वाचलं. पेनिसिलिनच होतं. मी समासातलं वाक्य सांगितलं.

त्या म्हणाल्या, "दंडाला स्पिरिट लावून झालं होतं. सुई हातात होती." आणि मग त्यांचा आवाज चढला. "लाल काही दिसलं नाही म्हणून मी निर्धास्त होते! दिसत नाही तर तसं सांगायचं होतं ना! माझ्या हातून माणूस गेला असता!"

"हो."

"तुमच्या बाई असत्या तर हे झालं नसतं."

"नसतं झालं," मी म्हणालो.

त्यांना आणखी बोलायचं होतं. मी सगळं ऐकून घेतलं. शेवटी त्या म्हणाल्या, "डॉक्टरांना फोन करून दुसरं औषध विचारते. आणि कॉम्प्युटर कुणी उघडला?"

"ते तुम्ही घरी गेल्यावर विचारा."

फोन ठेवून बघितलं तर लेक रडत होती आणि रडता रडता काम करत होती. मोबाइलची आवृत्ती तिनं काढून टाकली होती. "पण ज्यांनी उतरवून घेतलीय त्यांच्याकडे आहेच, बाबा. त्यांनाही समास दिसत नाहीये, आणि दिसत नाही हे कळतही नाहीये."

"त्यांना मी फोन करतो. तू समास दाखव. बाजूला मावत नसेल तर मजकुराच्या डोक्यावर ठेव."

"मग नोंद उघडली की आधी तेच वाचावं लागेल. लोक वैतागतील."

"वैतागू दे."

तिनं नाक पुसलं आणि कीबोर्ड जवळ ओढला. मी पुढचा नंबर लावला. हा कुत्र्यांच्या दवाखान्याचा डॉक्टर.

"डॉक्टर, मोबाइलवरची नोंद वापरू नका, त्यात समास दिसत नाही. आज कॉम्प्युटरवरच बघा."

"अहो, काय माणूस आहात! आत्ताच तर शिकलो!"

"समोर कोण आहे आत्ता?"

"एक पिल्लू. टोचायचंय."

"थांबा," मी म्हणालो. "मी फोनवर आहे. आधी कॉम्प्युटर लावा."