तीनपैकी दोनदा

महानंदानं पारूच्या पाठीमागे उकिडवं बसून खुळखुळा वाजवला. चार वर्षांची पारू झटकन वळली आणि मावशीकडे बघून हसली.

"वळली का न्हाई?" आजीला केवढा आनंद. "लिही, ऐकती म्हून. उगं पोरीला मुकी म्हणून राहिलेत लोक."

महानंदानं काही लिहिलं नाही. खुळखुळा वाजायच्या आत समोर बसलेल्या दानम्माअक्काची नजर आपल्या हाताकडे गेलेली तिनं पाहिली होती. पारू आवाजाला वळलीच नव्हती, आईच्या नजरेला वळली होती. पाहणीच्या तीनशे अकरा घरांत महानंदानं आयांना आधी खाली बघायला सांगितलं होतं. आपल्याच आजोळी तेवढं सांगायला तिची जीभ रेटली नाही.

बहिरेपणावरच्या संशोधनाला दिल्लीनं अनुदान मंजूर केलं, तेव्हा निलंगा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. मग लातूर जिल्हा वेगळा झाला, आणि पाहणीची गावं आता कुणाची यावरून फाइल चार वर्षं दोन कचेऱ्यांत हेलपाटे घालत राहिली. पैसे सुटले ते नेमके या दुष्काळाच्या साली, तेही वर्षभराच्या मुदतीनं. उद्या कागद दिल्लीला जायचे होते. ज्या मुलांची नोंद होईल त्यांनाच पुढच्या टप्प्यात कानाचं यंत्र आणि बोलण्याची शिकवणी मिळणार होती. बाकीच्यांना सरकारच्या लेखी व्यवस्थित ऐकू येत होतं.

नोंद करायची तर शेजारच्या रकान्यात आईबापाचं लग्नाआधीचं नातंही लिहावं लागे. अक्का सख्ख्या मामाला, आजीच्या थोरल्याला दिलेली. धाकटा शिवमूर्ती महानंदासाठी राखलेला, आत्ता बाहेर ओसरीवर दाढी करत बसलेला. तिची ही नोकरी संपली की अक्षय तृतीयेनंतर लग्न. शिवमूर्तीमामा भला माणूस होता आणि तीच तर पंचाईत होती. वाईट माणसाला नाही तरी म्हणता येतं. महानंदानं दोनदा नाही म्हणून पाहिलं, तर घरात कुणी जेवतानाची मानसुद्धा वर केली नव्हती. बत्तीस बहिऱ्या मुलांचे कागद तिनं भरले होते, त्यातल्या एकोणीस जणांच्या आया मामाच्याच घरात दिलेल्या. हे सांगितल्यावर आजी म्हणाली होती, "मीबी मामालाच दिलेली. माझी हायेत की समदी धडधाकट."

"तीनदा वाजवायचं असतं, आजी," महानंदा आता म्हणाली. "दोनदा वळली तरच ऐकते म्हणून लिहायचं."

"वाजव की मग."

दुसऱ्या वेळी अक्का मान खाली घालून ज्वारी पाखडत होती. पारू वळली नाही.

"खेळात हाय ती," आजी घाईनं म्हणाली. मग आवाज खाली आणून, "दानम्मा, मान वर करून बस."

म्हणजे आजीलाही ठाऊक होतं. महानंदाला आजीचा राग आला, अक्काची कीव आली, आणि सगळ्यात जास्त भीती वाटली ती स्वतःची. अक्कानं पुन्हा नजर उचलली, तर आपण मुकाट्यानं 'ऐकते' लिहिणार आणि लग्नाच्या दिवशी मुकाट्यानं मांडवात जाऊन उभी राहणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

तिनं खुळखुळा उचलला.

दानम्मानं सूप बाजूला ठेवलं. मान वर केली. धाकट्या बहिणीकडे एकवार पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

खुळखुळा वाजला. बराच वेळ वाजत राहिला. दारातल्या शेळीनंसुद्धा मान वळवून बघितलं. पारू मात्र आईच्या तोंडाकडेच पाहत होती. जरा वेळानं ती उठली, आईजवळ गेली आणि दोन बोटांनी तिची पापणी वर करायला लागली.

"दानम्मा!" आजी ओरडली.

"लिही," डोळे तसेच घट्ट मिटून दानम्मा म्हणाली. "आईबापाचं नातंबी लिही. आन् मोठ्यानं वाच, नंदे. ओसरीवर मामाला ऐकू जाईल असं वाच."