उणे नळीतली बुरशी

मी एका प्रयोगशाळेतली जुनी बुरशी आहे. नाक मुरडू नका, मित्रांनो. शिळ्या पावावर टाचणीच्या डोक्याएवढे काळे ठिपके उगवतात ना, ते माझेच. शास्त्रज्ञ मला निम्न कवकांत बसवतात, कारण माझ्या तंतूंत आडवे पडदे नाहीत. या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळे मोकळे. खायला मिळाले की मी एकटीच बीजाणू उधळत वाढते. पण वाईट दिवसांत तग धरायला जाड कवचाचा युग्मबीजाणू लागतो, आणि तो जोडीदाराशिवाय होत नाही. मी ‘अधिक’ प्रकारची. मला जोडीदार ‘उणे’च लागतो.

आमच्या सरांकडे ही जोडी काचेच्या दोन नळ्यांत होती. आम्हाला अधूनमधून ताज्या खाद्यावर हलवावे लागते. सर व्याख्यानांच्या दौऱ्यावर गेले, विसरले, आणि उणे नळी वाळून मेली. जोडी जपल्याबद्दल त्यांचा सत्कार झालेला. आता कोणत्या तोंडाने सांगणार? त्यांनी मलाच दुसऱ्या नळीत लावले आणि वर ‘उणे’ लिहिले.

मग पीएच.डी.साठी एक मुलगी आली. लॅबमध्ये सगळे तिला ताई म्हणत. तिचा सारा प्रबंध युग्मबीजाणूंवर. ती खाद्य भरलेल्या प्लेटच्या एका कडेला एका नळीतली मी लावायची, दुसऱ्या कडेला दुसऱ्या नळीतली मीच. मधोमध मी मलाच भेटायचे. त्यातून काय होणार, कपाळ?

“तुझ्या हाताला यशच नाही गं,” सर सगळ्यांसमोर म्हणायचे. “पावावर आपोआप येते ती बुरशी, तुला तीही जमेना!” सगळे हसायचे. ताई मान खाली घालून पुन्हा प्लेटा भरायची. मला तोंड असते तर!

मुदत संपत आली, तेव्हा तिने मैत्रिणीच्या कॉलेजातून खरी उणे बुरशी आणली. काही दिवसांतच प्लेटच्या मधोमध काळी रेघ उमटली. मला कुणीतरी भेटले होते. ताई हसत-रडत धावली.

“सर, झाले! युग्मबीजाणू झाले! म्हणजे आपली उणे नळीच...”

“बाहेरची बुरशी? माझ्या लॅबमध्ये? न विचारता?” सरांनी ती प्लेट आणि पाहुणी नळी उचलून ऑटोक्लेव्हच्या उकळत्या वाफेत टाकली. “सगळं दूषित करून ठेवलंस. आता नव्यानं सुरू कर. या घे आपल्याच दोन नळ्या.”

ताईला सगळे कळले होते. पण प्रबंधावर सही त्यांचीच लागणार होती. तिने नळ्या घेतल्या.

मित्रांनो, एवढेच मागणे आहे: तुमच्या हातून काही मेले, तर मेले म्हणा. त्याच्या जागी मला उभी करू नका.