सुखी गृहिणीचे हात

नातीने टेबलावर जुने छायाचित्र मांडले, तेव्हा आजीबाईंनी आधी चष्मा पुसला आणि मग नाक मुरडले. चित्रात त्या स्वतःच होत्या. पंचविशीतल्या, फेसाळ टबापुढे दोन्ही हातांनी शर्ट उंच धरून हसणाऱ्या. मागे आरामखुर्चीत वर्तमानपत्र वाचणारा नवरा, आणि खाली चिकटवलेली ओळ : 'शर्ट शुभ्र, तर नवरा खूश.'

"बंद पडलेल्या स्टुडिओच्या भंगारात सापडलं," नात फुशारून म्हणाली. "मूळ फोटो आहे, आजी. माझ्या कॉफीच्या दुकानाची अख्खी भिंत भरून तू हसणार. छपाईवाले काका आत्ता येतील न्यायला. परवा उद्घाटन."

"मला विचारलंस?"

"विचारायचं काय त्यात? लोकांना जुन्या जाहिराती गोड वाटतात. त्या काळी बायका कशा निवांत होत्या."

"निवांत." दाताखाली आलेला खडा काढावा, तसा आजीबाईंनी तो शब्द बाहेर काढला.

त्या स्टुडिओत आजीबाई रिटचिंग करीत. छायाचित्रातले डाग, सुरकुत्या, डोळ्यांखालची काळी वर्तुळे मिशीच्या केसाएवढ्या बारीक ब्रशाने रंगवून झाकायची, हे त्यांचे काम. धुलाई पावडरीच्या जाहिरातीच्या दिवशी मॉडेल तापाने फणफणली, म्हणून मालकांनी ह्यांनाच टबापुढे उभे केले. खुर्चीतला नवराही भाड्याचा. आणि ती ओळ लिहिणाऱ्या गृहस्थांनी जन्मात स्वतःचा रुमाल पिळला नव्हता.

"पावडरवाले आम्हाला पुडे फुकट वाटायचे," आजीबाई म्हणाल्या. "जाहिरातीआधी महिनाभर घरचे कपडे मी त्याच पावडरीने धुतले. फुकट ते पौष्टिक, असं तुझे आजोबा म्हणत. त्यांचं काय जात होतं म्हणा, हात माझे होते."

"हातांना काय झालं? चित्रात तर छान दिसतात."

"कापूस आण. आणि वाटीभर पाणी."

"त्याला काही करू नकोस हं. एकच प्रत आहे."

"आण म्हटलं ना?"

त्या घरात आजीबाईंनी 'आण' म्हटले की वस्तू येतच असे. नात कापूस घेऊन आली खरी, पण चित्रावर तळहात ठेवून उभी राहिली. "हे बिघडलं तर माझी भिंत रिकामी राहील, आजी."

"रिकाम्या भिंतीची लाज वाटत नाही. ह्याची वाटते."

नातीने हात काढून घेतला.

आजीबाई ओला कापूस चित्रातल्या बोटांवरून हलकेच फिरवू लागल्या. रिटचिंगचा रंग पाण्याचा. कितीही वर्षे लोटली तरी पाणी लागताच सुटतो, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक असणार? गुळगुळीत पांढरट थर कापसावर आला. खाली उरली ती सोललेली बोटे, सांध्यांवर उललेल्या भेगा, अंगठ्याच्या मुळाशी उघडे मांस.

"हे तुझे?" नातीने चित्रावर वाकून विचारले.

"माझेच. आणि वरचा रंगही माझ्याच हातचा. मालक म्हणाले, बाई, तुमचं काम तुम्हीच उरका. ब्रश धरवत नव्हता, तरी दुपारभर बसून मी स्वतःचे हात बुजवले. ते बघून किती जणींनी तो पुडा घरी नेला असेल, देव जाणे. वर मालकांनी शाबासकी दिली, तर मी फुलून गेले. पावडरीची एवढी किळस येत नाही ग मला. त्या शाबासकीची येते."

नात चित्राकडे पाहत राहिली. वर ते मधाळ हसू, खाली ते हात. "असं लावलं तर कुणाच्या घशाखाली कॉफी उतरायची नाही."

"लावायचं तर असंच लाव, नाहीतर चुलीत घाल. पुन्हा रंगवायचं नाही."

दारावरची घंटा वाजली. छपाईवाल्याने आत येऊन चित्र उजेडात धरले आणि कपाळाला आठी घातली. "ताई, इथे हातांचं काहीतरी बिघडलंय. काळजी नको, कॉम्प्युटरवर पाच मिनिटांत गुळगुळीत करून देतो."

आजीबाईंनी चित्र परत घ्यायला हात पुढे केला. त्या बोलणार, तोच नात मध्ये आली.

"काका, एक भेग जरी बुजवलीत, तर अख्खी भिंत पुन्हा छापून घेईन."