एक्केचाळिसावा किलोमीटर

ती कच्च्या तेलाची पाइपलाइन आता चौथ्या मालकाला विकायला निघाली आहे. तिच्या आजवरच्या मालकांचा इतिहास लिहायचं काम एचएसआर लेआउटमधल्या आमच्या ऑफिसात आलं आणि मी ते मागून घेतलं. माझे वडील भगवंतराव, आमचे अण्णा, त्याच लाइनवर तपासनीस होते. अकरा वर्षांपूर्वी तिथून त्यांना हाकलून दिलं.

लाइन फुटून आग लागली होती. तिच्यात गस्तीवरचा संतोषकुमार जळून मेला. त्या जागेबद्दल अण्णांनी कळवलंच नाही, असं कंपनीने ठरवलं. अण्णा म्हणत, महिनाभर आधी मी लेखी कळवलं होतं. ते पत्र सापडेल, एवढ्याच आशेवर ते येलहंकातल्या घरी अंथरूण धरून होते.

कंपनीच्या एका जुन्या फायलीत पत्र सापडलं. ‘एक्केचाळिसाव्या किलोमीटरला पाइप गंजला आहे, ताबडतोब खणा.’ मला टेबलाशीच रडू फुटलं. त्याच फायलीत पुढचा कागद होता: खणलं, पाइप ठणठणीत आहे.

मग कळलं. पहिली सरकारी कंपनी किलोमीटर बंदरापासून मोजायची. दुसरा मालक रिफायनरीवाला. त्याने ताबा घेताच आपल्या फाटकापासून मोजणी सुरू केली आणि किलोमीटरचे सगळे दगड उलट्या क्रमाने रंगवले. तिसऱ्याने नुसतं नाव बदललं. अण्णांनी बंदराकडचा एक्केचाळीस लिहिला, माणसांनी रिफायनरीकडचा खणला. मालक बदलला म्हणून माणसाच्या डोक्यातले आकडे बदलतात होय? मी संतापाने पेटलो. पण नव्या आकड्यांच्या परिपत्रकाखाली अण्णांची सही होती, पत्राच्या दोन वर्षं आधीची. वीस वर्षं पायाखालची वाट; दगडांवरचे आकडे ते वाचतच नसत.

घरी गेलो तर उशीला टेकून बसले होते.

“सापडलं काय रे?”

“सापडलं, अण्णा. तुम्ही लिहिलं होतं.”

किती वर्षांनी हसले! मी तिथेच थांबायला हवं होतं.

“मग मेल्यांनी खणून बघितलं, तरी लाइन फुटली कशी रे?”

“खणलं ते रिफायनरीकडच्या एक्केचाळीसला.”

दगड मोजत असल्यासारखे त्यांचे ओठ हलत राहिले. मग म्हणाले, “स्वल्प पाणी दे.” मी दिलं. पेला त्यांनी हातात धरला, प्यायले नाहीत.

“सुधींद्रा, संतोष बंदराकडच्या एक्केचाळीसला जायला भीत होता रे. खणून झालंय, लाइन सरी आहे, ठणठणीत आहे म्हणून सांगून मीच त्याला पाठवलो.”