ट्रिगरचा दुसरा टप्पा

वसुधाला पन्नाशीत नेमबाजीचं वेड लागलं, तेव्हा माहेरच्यांना ती थट्टाच वाटली. लेक तनया शिकायला रेगेन्सबर्गला गेली होती, जर्मनीतल्या र्युसेल्सहाइमचं घर खायला उठत होतं, आणि खालच्या मजल्यावरच्या हिल्डेगार्डबाई तिला एका संध्याकाळी गावच्या नेमबाजी क्लबात, शुट्झेनफेराइनमध्ये, ओढत घेऊन गेल्या. रायफलीवर गाल टेकवला आणि वसुधाच्या डोक्यातला सगळा गलबला थांबला. पुढच्या वाढदिवसाला श्यामकांतने तिला वापरलेली, पण चांगली एअर रायफल घेऊन दिली.

श्यामकांत गिअरबॉक्सचा इंजिनिअर. बायकोच्या हातात यंत्र आलं याचा त्याला कोण आनंद! त्यामुळे एकदा ती सहज म्हणाली, "ट्रिगर किंचित खरखरतो हो," आणि त्याच्या अंगात आलं.

"मी आहे ना! आरशासारखा करून देतो."

रविवार होता, आणि रविवारी तिथे आवाज करायला बंदी. मशीन लावावं तर हिल्डेगार्डबाई झाडू घेऊन छताला ठोकणार. म्हणून त्याने ट्रिगरचे बारीकसारीक भाग सुटे केले आणि दुपारभर स्वयंपाकघरातल्या टेबलावर पेस्ट लावून हाताने घासत बसला. वसुधाने चहा ठेवला, तो निवून गेला. संध्याकाळी तिच्या हातात रायफल देताना त्याच्या बोटांची टोकं काळी झाली होती आणि चेहरा उजळला होता.

क्लबात पहिल्याच छर्‍याला तिला कळलं. दोन टप्प्यांच्या ट्रिगरमध्ये पहिला टप्पा लोण्यासारखा सरकायला हवा, मग बोटाला एक अडसर लागायला हवा, आणि त्यावर जरासा भार दिला की छर्रा सुटायला हवा. इथे पहिल्या टप्प्यात वाळू चावल्यासारखं होत होतं. दुसर्‍याचा अडसर सापडतच नव्हता. बोट घसरत घसरत जाई आणि रायफल भलत्याच क्षणी सुटे.

मागच्या बाकावर श्यामकांत बसला होता. "कसा आहे?" त्याने मोठ्या आशेने विचारलं.

तिला खोटं बोलावंसं वाटलं. पण हातात रायफल होती, तिथे खोटं चालणार नव्हतं.

"अहो, बिघडलाय," ती हळूच म्हणाली.

हिल्डेगार्डबाई आल्या. त्यांनी आधी आत छर्रा नाही ना, हे स्वतः पाहिलं. "आल्झो, तर मग, आधी घाण काढू," त्या म्हणाल्या. झाकण उघडलं तर खिळ्यांच्या भोवती करडा चिखल साचलेला. पॉलिशची पेस्ट नीट धुतलीच गेली नव्हती. श्यामकांतने मान खाली घालून सगळं धुतलं, पुसलं, तेलाचा थेंब दिला. पहिला टप्पा सुतासारखा सरळ झाला. दुसरा मात्र तसाच.

"स्क्रू थोडा फिरवून बघू?" त्याने विचारलं.

"नाइन, मुळीच नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी रिकामी रायफल ताणली, नळी लक्ष्याच्या भिंतीकडे धरली आणि दस्त्यावर तळहाताने थाप मारली. ट्रिगरला कुणाचं बोटही नव्हतं. तरी खट् आवाज झाला; आत छर्रा असता तर सुटला असता.

श्यामकांतने भिंग मागून घेतलं. दोन पोलादी भाग जिथे एकमेकांना अडवून धरतात, तिथली कड धारदार हवी होती. त्याने ती इतकी मायेने घासली होती की ती गोल झाली होती.

"गिअरचे दात असे घासले असते तर मी कारखान्यातल्या पोरांना फाडून खाल्लं असतं," तो म्हणाला. "वसू, तुला काही झालं असतं म्हणजे?"

"झालं नाही ना."

"गेनाऊ, अगदी बरोबर," हिल्डेगार्डबाई म्हणाल्या. "आता हा भाग पुन्हा घासायचा नाही. नवा घ्यायचा, आणि बसवायचा तो बंदूक दुरुस्त करणार्‍याने."

रायफल दुरुस्तीला गेली, म्हणून त्या महिन्यातली क्लबाची स्पर्धा वसुधा क्लबाच्या जड रायफलीने खेळली आणि मधल्या क्रमांकांत कुठेतरी आली. घरी येताना गाडीत तिने विचारलं, "इतकं कशासाठी घासत बसलात हो?"

तो सिग्नलकडे बघत राहिला. "तू नेम धरतेस ना, तेव्हा श्वास रोखतेस. मागे बसून माझाही रोखला जातो. वाटलं, निदान बोटाला तरी त्रास नको."

वसुधाने गिअरवरच्या त्याच्या हातावर हात ठेवला.

दुरुस्त होऊन रायफल परत आली, तेव्हा तिने दोन छर्रे मारले आणि तिसर्‍याला बाजूला सरून तिने श्यामकांतला बोलावलं. "या. बसा इथे."

"मी? मी कधी..."

"तेच तर! आतला खिळा न् खिळा माहीत आहे, पण ट्रिगर ओढून कधी पाहिलाय?"

तिने त्याचा खांदा नीट केला, कोपर टेकवला. "आता हळू. ढिलं लागतंय?"

"हो."

"अजून थोडं. अडलं?"

"अडलं!" तो लहान मुलासारखा कुजबुजला. "अगं, इथे तर अख्खी भिंत आहे!"

"तिथेच थांबा. श्वास सोडा. आता नुसतं मनात आणा."

छर्रा काळ्या वर्तुळाच्या बाहेर, कागदाच्या पार कोपर्‍यात लागला. हिल्डेगार्डबाई हसल्या. श्यामकांतने मात्र वळून वसुधाकडे पाहिलं आणि म्हणाला, "अजून एक देतेस?"