एक पिढी कमी

मागच्या शरदात माझं आणि मारजानचं लग्न झालं. आमचं अर्धं कारकाराली गाव जेवून गेलं, आणि तिच्या मामाने नाचता नाचता आमचं दार मोडलं. आता हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा. लग्न झालेलं नाही, दार शाबूत आहे आणि मारजानची आजी कुल्याश आमच्या बैठकीत चहा पीत बसली आहे.

आम्हा कझाख लोकांचा रिवाज सरळ आहे. मुलाच्या किंवा मुलीच्या, कुणाच्याही सात पिढ्यांत दोघांचा सामाईक पूर्वज निघाला, की ते भाऊबहीण. म्हणून मूल बोलायला लागलं की आधी सात बापांची नावं पाठ करून घेतात. मी तर ती 'पाणी' म्हणायच्या आधी शिकलो. त्यामुळे वर्षभर तहान लागली की पूर्वजांनाच हाका मारायचो.

माझ्या आजोबांनी, म्हणजे सेय्तकालींनी, पुढच्या पिढ्यांची सोय म्हणून बैठकीच्या आख्ख्या भिंतीवर वंशवृक्ष रंगवला होता. निवृत्तीनंतर दहा वर्षं ते कबरींवरचे दगड वाचत आणि दफ्तरांतली धूळ खात फिरले. एकेक साल खरं करून घेतलं. बुंध्याशी बोरानबाय बातिर, आमचा शूरवीर, घोड्यावर. त्याचा चेहरा आजोबांचाच होता. दुसरा नमुना मिळाला नाही म्हणे. खोलीला खिडकी नव्हती, कारण तिच्या जागी माझ्या बाबांची फांदी आली होती.

चहाची दुसरी फेरी झाली. आजोबा म्हणाले, "एर्के, म्हण."

मी उभा राहून घडाघडा नावं म्हटली. सातवा बोरानबाय.

कुल्याशआजीने वाडगी खाली ठेवली. "आमच्यात आठ शिकवतात," ती म्हणाली, आणि तिने मारजानचे आठ बाप मोजून दाखवले. आठवा बोरानबाय.

बाबांनी तोंडातला बाउरसाक, म्हणजे तळलेल्या पिठाचा गोळा, तसाच गिळला.

"आमच्याकडून बसतंय," कुल्याशआजी म्हणाली. "तुमच्याकडून एक पिढी कमी पडली."

"मग बातिराला आपल्या झाडावरून काढू," बाबा म्हणाले. "त्यांच्याकडे आहेच की तो."

"त्यापेक्षा तुला काढतो," आजोबा म्हणाले. "निदान खिडकी तरी होईल."

तेवढ्यात मारजानचा निरोप आला: 'ठरलं का?' मी लिहिलं, 'आपण भाऊबहीण आहोत.' तिचं लगेच उत्तर आलं, 'आजपुरते की कायमचे?'

मला मारजानशिवाय कुणी नको होतं. आणि खरं सांगायचं तर, तिच्याशिवाय मला कुणी विचारतही नव्हतं.

कुल्याशआजी निघायला उठली. जाता जाता चष्मा लावून भिंतीपाशी थांबली आणि नाक टेकवून वाचू लागली.

"सेय्तकाली, बातिर गेला कधी?"

"सतराशे चौऱ्यांऐंशी. लढाईत!"

"आणि हा त्याचा मुलगा केंजेबाय?"

"जन्म अठराशे दहा."

"म्हणजे बाप गेल्यावर सव्वीस वर्षांनी?"

"बातिर होता तो, विहीणबाई."

"तो होता हो. पण त्याची बायको? ती बिचारी सव्वीस वर्षं पोटुशी हिंडत होती काय?"

"त्या काळी थंडी फार असायची," आजोबा म्हणाले.

बाबांना ठसका लागला. मी आजोबांजवळ जाऊन बसलो. "आजोबा, मधे कुणी होतं का?"

"नव्हतं."

"हे झाड तुम्ही पुढच्या पिढ्यांसाठी काढलंत ना? मग त्या पिढ्या आणायच्या कुठून? माझ्यापुढे भिंत कोरीच राहील."

आजोबांनी कोऱ्या भिंतीकडे पाहिलं. गार झालेला चहा एका घोटात संपवला.

"शोय्बेक," ते पुटपुटले. "बातिराचा मुलगा. केंजेबायचा बाप."

कुल्याशआजी परत बसली. "मग लपवला कशाला? चोर होता?"

"चोर असता तर मोठा करून रंगवला असता. चोराला घोड्यावर बसता येतं." आजोबांचा आवाज आणखी खाली गेला. "हा घोड्याला घाबरायचा. जन्मभर गाईवर बसून फिरला."

"गाईवर? कझाख माणूस?"

"गाईवर."

"लढाईलाही?"

"निघाला होता. पोचेपर्यंत तह झाला."

कुल्याशआजी इतकी हसली की तिचा चष्मा साखरेत पडला. मग तो चाटून-पुसून तिने परत नाकावर ठेवला. "म्हणून तर जगला आणि तुमचा वंश वाढला. रंगवा त्याला. आणि चहा ओता, तुमचेही आठ झाले."

आजोबांनी त्याच दुपारी शोय्बेकला रंगवलं. मधे जागा नव्हती, म्हणून बातिराच्या घोड्याचा मागचा अर्धा भाग पुसावा लागला. आता बातिर दोन पायांच्या घोड्यावर बसून शत्रूवर चालून जातो, आणि मागून गाय येते.

लग्नाची तारीख ठरली, पण बातमीही फुटली. आमच्या गावात भांडण झालं की सात पिढ्यांचा उद्धार होतो. आमचा आठ पिढ्यांचा होऊ लागला, तोही हंबरून. आजोबांनी चार दिवस सहन केलं. लग्न मोडेन असं मात्र एकदाही म्हणाले नाहीत. पाचव्या दिवशी त्यांनी मला समोर बसवून अर्ज सांगितला, तो असा:

"प्रति, जिल्हा कार्यालय. विषय: दिवंगत शोय्बेक, वल्द बोरानबाय, यांच्या वाहनाबाबत. महोदय, उपरोक्त इसम गाईवर बसत असे, हे अर्जदारास मान्य असून त्याबाबत त्याची काहीही तक्रार नाही. तरी आपल्या कार्यालयाने सदर इसमाच्या हयातीपुरते सदर गाईस घोडा म्हणून घोषित करावे, तसा शिक्क्यानिशी दाखला अर्जदारास नातवाच्या लग्नापूर्वी द्यावा, आणि शिंगांबाबत स्वतंत्र आदेश काढावा, ही नम्र विनंती."