बोरगावचं मत

मी हेडफोन बोलतोय. पांढुर्ण्याच्या एका घरात, रस्त्याकडच्या खिडकीशेजारी एका खिळ्याला सध्या मी लटकलेला आहे. बोलणं हे तसं माझं काम नाही. एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानात पोचवायचं आणि त्यात आपलं काही मिसळायचं नाही, ही माझी नोकरी, आणि ती मी इमानाने केली. पण जे पोचवलं त्याची लाज आता एकट्याने सांभाळवत नाही, म्हणून तोंड उघडलं आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला नीट आठवत नाही. आठवतो तो खोक्यातला काळोख, आणि मग नागपूरच्या एका दुकानातला झगझगाट. तिथून हेमंतने मला उचललं. हेमंत म्हणजे गणिताचा मास्तर, वय एकतीस. शाळा सौंसरला, घर पांढुर्ण्याला. रोज बसने जाणं-येणं. वडील यशवंतराव दिवसभर त्यांच्या बी-बियाण्यांच्या दुकानात, आणि घरात आई, उषाबाई. एवढंच घर.

मला दोन कान आहेत, मालकाच्या तोंडाशी येणारी, आवाज टिपणारी एक दांडी आहे, आणि तारेवर एक बारीकशी कळ. ती दाबली की मालकाचा आवाज पलीकडे जात नाही. पोटात उठते तिलाही मराठीत कळच म्हणतात. या दोन कळा इतक्या जवळच्या असतील असं मला तेव्हा वाटलं नव्हतं.

शाळेतून आल्यावर हेमंत लॅपटॉपवर एक खेळ खेळायचा. तलवारी, जादूगार, उडते राक्षस, आणि पाच लहानमोठी शहरं. हा खेळ टोळी करून खेळतात. हेमंतच्या टोळीत तिघं होते: तो, पुण्याचा अतुल आणि पुण्याचीच तेजस्विनी. तिघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नव्हतं. सगळी ओळख माझ्यामार्फत. तेजस्विनी बोलायला लागली की हेमंतच्या कानाची पाळी गरम व्हायची. हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं, पण मी तर कानालाच चिकटलेला.

पहिल्याच दिवशी अतुलने विचारलं, "तू कुठला रे?"

"नागपूर," हेमंत म्हणाला.

पांढुर्णा म्हटलं की पुढचे प्रश्न ठरलेले असतात. मध्य प्रदेशात मराठी बोलतात? घरी पण? मग लोक गोटमारीचे, म्हणजे आमच्या गावच्या दगडफेकीच्या जत्रेचे, व्हिडिओ मागतात. हेमंतला त्याचा कंटाळा होता असं आधी मी समजत होतो. कंटाळा नव्हता, लाज होती.

एकदा खेळता खेळता त्याच्या तोंडून निघून गेलं, "त्या दुकानात चांगल्या ढाली भेटतात." झालं. अतुल हसून हसून लोळायचा बाकी राहिला. "ढाली भेटतात? भेटल्यावर काय करतात, नमस्कार?" तेजस्विनीही थोडी हसली. आमच्याकडे साखर भेटते, दूध भेटते, तिकीट भेटते, नोकरीसुद्धा भेटते. आणि भेटली की कुणी हसत नाही. पण त्या दिवसापासून हेमंतने जिभेवर पहारा बसवला. 'मिळते' म्हणू लागला. 'करून राहिलो' गिळून 'करतोय' म्हणू लागला. आणि आई खोलीत आली रे आली की त्याचा अंगठा माझ्या कळेवर जायचा.

मे महिन्यात शाळेला सुटी लागली. घरात कूलर एकच, आणि तो हेमंतच्या खोलीत. त्यामुळे दुपारी उषाबाई तिथेच चटई टाकून चिंचा फोडत बसायच्या. मित्र नसले की हेमंत मला गळ्यात अडकवायचा आणि लॅपटॉपच्या आवाजावर खेळायचा. त्या चष्मा वर करून बघत राहायच्या.

"कोणतं गाव होय हे?" एकदा त्यांनी विचारलं.

"बोर्गन."

"अगं माय, बोरगाव? आमचं बोरगाव याईच्या खेळात?"

सौंसरजवळचं बोरगाव हे उषाबाईंचं माहेर. हेमंत हसला. "बोरगाव नाही आई, बोर्गन."

"तेच तं म्हणून राहिली मी."

चूक होती, पण बिनबुडाची नव्हती. पाच शहरांत बोर्गन सगळ्यात लहान. दोन राज्यांच्या सीमेवरचं. याला वाटे ते त्याचं, त्याला वाटे ते याचं, आणि दुरुस्तीला कोणीच येत नसे. उथळ नदी, एक लाकडी पूल, कोंबड्या, आणि वेशीत बसलेली एक म्हातारी फळवाली. कुणीही जवळून गेलं की ती परक्या भाषेत तेच एक वाक्य बोलायची. शब्द कळायचे नाहीत, पण सूर चोख फळवालीचा. उषाबाईंच्या लहानपणी बोरगावात पंचफुला नावाची बाई बोरं विकायची. त्यांनी तिचंच नाव हिला देऊन टाकलं, आणि रोज तिला उत्तरही देऊ लागल्या.

"येतो वं पंचफुला, आज घाई आहे."

मग हेमंतही मुद्दाम वाट वाकडी करून त्यांना तिकडे न्यायचा. राक्षस राहिला बाजूला, मायलेक पुलावर उभे. त्या पोराला त्या शहरात जितकं मनापासून हसताना मी पाहिलं, तितकं दुसऱ्या कुठल्याच शहरात पाहिलं नाही. आवडतं शहर म्हणजे याहून वेगळं काय असतं, मला तरी माहीत नाही.

त्याच दिवसांत माझ्या उजव्या कानाची गादी फाटली. आतला स्पंज बाहेर आला. उषाबाईंनी जुन्या लुगड्याचा तुकडा घेतला आणि मला झोकात नवं अस्तर शिवून दिलं. "कानाले टोचलं नाही पाहिजे," म्हणाल्या. विकत आणलेल्या गादीपेक्षा ते मऊ निघालं.

जूनच्या तोंडावर खेळ बनवणाऱ्यांनी जाहीर केलं, प्रत्येक टोळीने आपलं एक आवडतं शहर निवडायचं. एका टोळीला एक मत, आणि एकदा दिलं की बदलता येणार नाही. ज्या शहराला सगळ्यात कमी मतं पडतील ते नकाशावरून काढून टाकणार. हेमंतने हे आईला समजावून सांगितलं. उषाबाईंच्या हातातली चिंच तशीच राहिली.

"म्हंजे आपलं बोरगाव काढून टाकतीन?"

"मतं नाही पडली तर."

"मंग तू देजो बरं. मनानं देजो."

"देतो ना आई. त्यात काय विचारायचं?"

मतदानाचा दिवस रविवारचा. दुपारी तिघं जमले. उषाबाई जेवून कूलरसमोर चटईवर आडव्या झाल्या होत्या आणि त्यांना डोळा लागला होता. कूलर म्हणजे पिठाची गिरणी. त्याच्या घरघरीत शेजारचा माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही. हेमंतने मला कानांवर चढवलं. आता इथे माणसांची एक सवय सांगतो. स्वतःचे कान झाकले की त्यांना वाटतं जगाचेही झाकले गेले. त्यात ते मोठ्याने बोलतात आणि त्यांना त्याचा पत्ता नसतो.

अतुल म्हणाला, "ऑरिस्टेल. वाद कसला? राजधानी आहे, महाल आहे, घोडदळ आहे."

"थांब ना," तेजस्विनी म्हणाली. "हेमंत, तुझं नाव मला सारखं बोर्गनमध्ये दिसतं. तुझं आवडतं तेच आहे ना?"

किती सोपा प्रश्न होता. "हो" म्हणायला अर्धा श्वास पुरला असता. पण माझ्या लुगड्याच्या अस्तराखाली त्याचा कान तापला, आणि नेमका तेव्हाच अतुल खिदळला, "बोर्गन? तिथे काय भेटतं रे?"

"छे," हेमंत म्हणाला. "मी जातो ते टाइमपास म्हणून. आहे काय तिथे? एक पूल, चार कोंबड्या आणि ती म्हातारी. साखर 'भेटते' म्हणणाऱ्यांचं गाव आहे ते. ना धड इकडचे, ना धड तिकडचे. एकदम गावठी. तिथे राहायचं म्हणजे आपली लायकी काय राहिली?"

'भेटते' हा शब्द त्याने नाकातून काढला, हेल काढून. हुबेहूब आईच्या आवाजात.

अतुलला ते फार आवडलं. "अजून एकदा, अजून एकदा," म्हणाला. आणि हेमंतने अजून एकदा केलं.

मध्येच लाइट गेली होती. लॅपटॉप बॅटरीवर, नेट मोबाइलचं, त्यामुळे खेळात खंड पडला नाही. फक्त कूलर थांबला. हेमंतला ते समजलं नाही, कारण मी त्याचे कान गच्च धरून बसलो होतो आणि त्यांत अतुलचं हसू ओतत होतो. पण कूलरच्या आवाजात झोपलेला माणूस कूलर थांबला की जागा होतो. दांडीला मागून बांगड्यांचा आवाज ऐकू आला. मग चटई गुंडाळल्याचा. मग पावलं, दाराकडे जाणारी.

माझी कळ मित्रांना आईपासून वाचवायची. आईला त्याच्यापासून वाचवणारी कळ माझ्यावर बसवलेलीच नव्हती.

"मला आवडायचं ते गाव," तेजस्विनी म्हणाली. "पण तुम्ही दोघं म्हणता तर ठीक आहे." मत ऑरिस्टेलला गेलं.

हेमंतने मला उतरवून गळ्यात घेतलं आणि स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेला. उषाबाई ओट्यापाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या.

"दिलं का मत?"

"हो. बोरगावलेच दिलं," तो म्हणाला. तो 'ले' त्याने मुद्दाम लावला, लाडाने.

"बरं केलं."

त्याने फ्रिज उघडला. आतला दिवा लागला नाही. तो तसाच दार धरून उभा राहिला.

"लाइट केव्हा गेली आई?"

"तू त्या पुण्याच्या लोकांशी बोलून राहिला... बोलत होतास ना, तेव्हाच." त्या जरा थांबल्या. चुकलेलं गणित पुसून मूल पुन्हा मांडतं, तशा. "चहा ठेवते. दूध सकाळीच मिळालं आहे."

मिळालं. एकसष्ट वर्षांत त्यांना दूध भेटत आलं होतं. हेमंतने फ्रिजचं दार लावलं. "आई," एवढंच तो म्हणाला. त्यांनी साखरेचा डबा उघडला.

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. चार शिव्या दिल्या असत्या, यशवंतरावांना सांगितलं असतं, तरी चाललं असतं. तसं काहीच झालं नाही. फक्त मुलगा समोर असला की त्या जपून बोलू लागल्या. खिडकीखाली गुणवंता भाजीची गाडी घेऊन येतो; त्याला एके दिवशी त्यांनी विचारलं, "कोथिंबीर आहे का?" गुणवंता गोंधळला. "सांभार म्हणून राहिल्या का बाई?" त्यांनी मागे वळून पाहिलं, खोलीत हेमंत बसलेला होता. "हो, तीच," त्या म्हणाल्या. हेमंतने वहीत डोकं घातलं. मी खिळ्यावरून सगळं ऐकत होतो.

त्याने सुधारायचा प्रयत्न केला नाही असं नाही. मत बदलत नाही हे ठाऊक असूनही खेळवाल्यांना तीनदा लिहिलं. मग मला कानावर चढवून अतुल आणि तेजस्विनीला खरं सांगितलं. मी नागपूरचा नाही, पांढुर्ण्याचा. आमच्या घरी साखर भेटतेच. आणि बोर्गन माझ्या आईचं आवडतं होतं, माझंही.

"अरे, मग?" अतुल म्हणाला. "मला नागपूर तरी कुठे माहीत आहे? दोन्ही सारखीच."

तेजस्विनीने विचारलं, "आईला सांगितलंस हे?"

त्याने मला उतरवून ठेवलं.

निकाल लागला. बोर्गनला सगळ्यात कमी मतं पडली. तिघांच्या एका मताने ते वाचलं असतं की नाही, मला सांगता येत नाही. किती मतांनी गेलं तो आकडा हेमंतने बघितला होता, पण कुणाला सांगितला नाही. शहर काढण्याआधीच्या शेवटच्या दिवशी त्याने आईला हाताला धरून खोलीत आणलं. खुर्चीवर बसवलं. मी त्याच्या गळ्यात होतो. नदी होती, पूल होता, कोंबड्या होत्या. वेशीतली म्हातारी आपलं वाक्य बोलली.

उषाबाईंनी पदर सारखा केला. उत्तर दिलं नाही.

"आई, पंचफुला बलावून राहिली तुले," हेमंत म्हणाला. "आई, मी चुकलो. मी लय चुकलो."

त्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. हातात राग नव्हता, ते मला खालून दिसलं. पडद्याकडे बघत, एकेक शब्द निवडून, पाहुण्यांच्या घरी बोलावं तशा त्या म्हणाल्या, "खूप छान शहर आहे, बाळा." तोवर त्या त्याला कधी 'बाळा' म्हणाल्या नव्हत्या. बेटा म्हणायच्या.

दुसऱ्या दिवशी नकाशावर त्या जागी नुसतं गवत होतं. हेमंत आता खेळत नाही. मी खिळ्यावर आहे. तार गुंडाळलेली, दांडी वर वळलेली. मालकाने मला फेकलं नाही, आणि मला वापरायचं धाडसही त्याला होत नाही. कुणी मला उचलून घ्यायचं ठरवलंच, तर आधी मागे कोण बसलं आहे ते बघून घ्या, एवढं माझं ऐका.

आणि उषाबाई, एक मागणं तुमच्याकडे. त्या दिवशी तुमच्या मुलाच्या तोंडाशी होतो तो मी. तुमचंच लुगडं कानाला लावून होतो. गुणवंताची गाडी आली की खोलीत कोण आहे ते बघू नका. एकदा खिडकीतून मोठ्याने विचारा, सांभार भेटते का म्हणून. मी ऐकून राहिलो, बाई.